एम्युलेटरचं घड्याळ सिम्युलेशनला बांधताना : माझे अडीच महिने

क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (म्हणजे दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणारं फर्मवेअर आणि सिम्युलेटरमधली मोटर, या दोघांची घड्याळं जुळवायची होती. ३ जूनला सुरू केलं आणि १४ ऑगस्टला संपलं. सुरुवातीला वाटलेलं चार दिवसांचं काम आहे, सॉकेट जोडायचं आणि मोकळं व्हायचं. मधे दोन वेळा सोडून द्यावंसं वाटलं आणि शोधायला गेले तर बहुतेक ठिकाणी "आयकाउंट लावा" (ही क्यूएमूची एक सेटिंग, पुढे सांगते) एवढंच लिहिलेलं, लावल्यावर पुढे काय होतं ते कोणी सांगत नाही. म्हणून जसं झालं तसं क्रमाने लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी मांडामांड. मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे चिपवरचं सॉफ्टवेअर आहे, कॉर्टेक्स-एम या छोट्या प्रोसेसरवर चालणारं, आत छोटासा आरटीओएस (वेळेवर कामं करवून घेणारी ऑपरेटिंग सिस्टम) आणि दर १ मिलिसेकंदाला फिरणारा कंट्रोल लूप, म्हणजे मोटर बघून तिला किती जोर द्यायचा ते ठरवणारा कोड. खरा बोर्ड अजून हातात आलेला नव्हता म्हणून ते क्यूएमूमध्ये चालवत होतो. मोटर आणि तिच्यावरचा लोड यांचं गणिती मॉडेल दुसऱ्या मशीनवरच्या सिम्युलेटरमध्ये, कारण त्याचं लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं. क्यूएमूमध्ये मी एक खोटा डिव्हाइस लिहिला होता : फर्मवेअर एडीसीचं (मोजलेला करंट आकड्यात देणाऱ्या भागाचं) रजिस्टर वाचतं तेव्हा सिम्युलेटरकडून आलेला करंट दाखवायचा, आणि पीडब्ल्यूएमच्या (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमध्ये लिहितं तेव्हा तो आकडा सिम्युलेटरला कळवायचा. दोन्हीकडे युडीपीने (नेटवर्कवर पॅकेट पाठवायची, पण पोचेलच याची हमी नसलेली पद्धत) आकडे जात होते, मोटर फिरत होती, मी खूश.

फक्त मोटर नीट फिरत नव्हती. वेग मागितलेल्या आकड्याच्या वर जायचा, मग खाली, मग पुन्हा वर. आणि त्यात मी ब्राउझर उघडला की वेगळीच लय. मला वाटलं पीआयडीच्या गेन्स, म्हणजे वेगातली चूक किती जोराने सुधारायची ते ठरवणारे आकडे, चुकल्या. तर ३ ते ९ जून, पूर्ण आठवडा, मी गेन्स बदलत बसले. इंटिग्रल कमी कर, डेरिव्हेटिव्ह वाढव, पुन्हा चालव, पुन्हा ग्राफ बघ. एकदा जरा शांत झालं तेव्हा मी तो बदल कमिटसुद्धा केला, "ट्यूनिंग सुधारलं" असा मेसेज टाकून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

१० जूनला सिम्युलेटरवाली कलीग सहज म्हणाली, "अगं, तुझ्या बाजूला किती वाजले ते तरी बघ ना." दोन्हीकडे एकेक प्रिंट टाकला. फर्मवेअरच्या मते सुरू होऊन १०.० सेकंद झाले होते, मोटरच्या मते ३.७. म्हणजे मॉडेलला एक सेकंद पुढे जायला खरे २.७ सेकंद लागत होते आणि फर्मवेअर आपलं भिंतीवरच्या घड्याळाने पळत होतं. त्याच्या दृष्टीने मोटर खूप सुस्त, म्हणून इंटिग्रल साठत जायचा, आणि मोटर उशिरा का होईना वेग पकडायची तेव्हा ओव्हरशूट. बिचारा कंट्रोलर बरोबरच वागत होता. त्या दिवशी मी लवकर घरी गेले.

इथे एक गोष्ट मला माहीतच नव्हती. क्यूएमूमध्ये घड्याळं चार असतात : रिअलटाइम, व्हर्च्युअल, होस्ट आणि व्हर्च्युअल-आरटी. गेस्टचे, म्हणजे आत चालणाऱ्या फर्मवेअरचे टायमर, माझा सिसटिक (चिपमधला ठरावीक वेळाने वाजणारा टायमर) वगैरे, व्हर्च्युअलवर चालतात. पण नाव व्हर्च्युअल असलं तरी काहीच न सांगता चालवलं तर ते होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, वेळेबरोबरच धावतं, मशीन पॉझ केलं तर थांबतं, एवढाच काय तो फरक. मी नावावर विश्वास ठेवला होता.

पहिला उपाय सुचला तो एकदम भाबडा. क्यूएमूच्या मॉनिटरला (त्याला कमांड द्यायच्या खिडकीला) 'स्टॉप' आणि 'कॉन्ट' (कंटिन्यू) या कमांड देता येतात, तर स्क्रिप्टने १ मिलिसेकंद चालवायचं, थांबवायचं, सिम्युलेटरला १ मिलिसेकंद चालू द्यायचं, परत सुरू. ११ आणि १२ जून यात गेले. १ मिलिसेकंद सांगितला की कधी १.३ व्हायचा, कधी ६. कारण कमांड पोचणार, मेन लूप ती वाचणार, मग कधीतरी सीपीयूला थांबवणार, यात नेमकेपणा असा कुठेच नाही. दोन दिवसांत सोडून दिलं. तुम्ही दोन तासांत सोडा.

१३ जूनला आयकाउंट. यात वेळ होस्टकडून घेतच नाहीत, गेस्टने किती इन्स्ट्रक्शन चालवल्या ते मोजून वेळ ठरते. शिफ्टचा आकडा दिला की प्रत्येक इन्स्ट्रक्शनला दोनाचा तेवढा घात इतके नॅनोसेकंद लागले असं धरलं जातं. शिफ्ट ० म्हणजे १ नॅनोसेकंद, शिफ्ट ३ म्हणजे ८ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटी इन्स्ट्रक्शन. आमची चिप १६८ मेगाहर्ट्झची, त्यामुळे शिफ्ट ३ त्यातल्या त्यात जवळचा वाटला. हे सायकल-अ‍ॅक्युरेट (खऱ्या चिपइतकाच वेळ मोजणारं) नाही हे आधीच मनाला बजावून ठेवा, भागाकार असो की साधी बेरीज, सगळ्यांना सारखेच ८. कंट्रोल लूप तपासायला तेवढं पुरतं, कोड किती वेगवान आहे ते मोजायला अजिबात नाही. शिफ्टला 'ऑटो' पण देता येतं, पण ते खऱ्या वेळेच्या जवळ राहायला शिफ्ट स्वतःच बदलत राहतं, म्हणजे पुन्हा येरे माझ्या मागल्या. आणि आयकाउंट फक्त टीसीजीबरोबर (क्यूएमू इन्स्ट्रक्शन स्वतः भाषांतर करून चालवतो ती पद्धत) चालतं, केव्हीएमबरोबर (थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवायची पद्धत) नाही, शिवाय एकापेक्षा जास्त कोअर असले तरी ते एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने चालतात. माझा एकच कोअर होता म्हणून सुटले.

आयकाउंटमधलीच दुसरी सेटिंग 'स्लीप'. फर्मवेअर बहुतेक वेळ डब्ल्यूएफआय (इंटरप्ट येईपर्यंत थांब) या इन्स्ट्रक्शनवर झोपलेलं असतं, तेव्हा इन्स्ट्रक्शन मोजायला नाहीतच, मग वेळ पुढे कशी जाणार? स्लीप ऑन असेल तर झोपेतला वेळ खऱ्या घड्याळाने जातो. ऑफ केलं तर क्यूएमू सरळ पुढच्या टायमरच्या क्षणावर उडी मारतो. आपल्याला ऑफच हवं. ऑफ केल्या केल्या माझ्याकडे वॉर्निंग आली की स्लीप बंद आहे आणि एकही टायमर चालू नाही, आणि सगळं ठप्प. बूट होताना फर्मवेअर सिसटिक लावायच्या आधीच एका इंटरप्टची वाट बघत बसत होतं, उडी मारायला पुढे टायमरच नाही, त्यामुळे काळच थांबला! अर्धा दिवस मी हँग कुठे झालं ते शोधत होते आणि वॉर्निंग डोळ्यासमोर होती.

यावरूनच पुढचं सुचलं. आपण स्वतःच व्हर्च्युअल घड्याळावर एक टायमर लावायचा, दर ठरावीक अंतराने वाजणारा. त्याला मी क्वांटम म्हणते, सिस्टमसी ही हार्डवेअरची मॉडेलं लिहायची लायब्ररी वापरणारे पण हाच शब्द वापरतात. आयकाउंटमध्ये क्यूएमू सीपीयूला पुढच्या टायमरपर्यंत पुरतील एवढ्याच इन्स्ट्रक्शन मोजून देतो. १ मिलिसेकंदाचा क्वांटम, शिफ्ट ३, म्हणजे सव्वा लाख इन्स्ट्रक्शनचा शिधा, संपला की सीपीयू थांबतो आणि माझं कॉलबॅक, म्हणजे टायमर वाजल्यावर चालणारं माझं फंक्शन, येतं. तिथे मी सिम्युलेटरला कळवायचं की मी अमुक वेळेपर्यंत आले, त्याने पण तिथवर आल्याचं सांगितलं की आकड्यांची देवाणघेवाण, मग पुढचा टायमर लावायचा. कोणीच दुसऱ्याच्या पुढे जात नाही. स्टॉप-कंटिन्यूमध्ये जो नेमकेपणा मिळत नव्हता तो इथे फुकटात मिळाला. आणि हा टायमर कायम लावलेला असतो म्हणून ती वॉर्निंगही गेली.

आता कागदपत्रं. युडीपीचं एक पॅकेट हरवलं तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसणार, म्हणून हरवलेलं पुन्हा पाठवणारं टीसीपी हवं. पण दोन मशीनमधला जो पोर्ट उघडा होता तो युडीपीसाठीच. १७ जूनला नवीन पोर्टचा फॉर्म भरला. २० जूनला परत आला, 'कालावधी' हा रकाना रिकामा होता म्हणून. कायमचा हवाय असं लिहिलं तर चालत नाही, जास्तीत जास्त ९० दिवस. मंजुरी १ जुलैला. याच काळात दुसरा एक फॉर्म, की क्यूएमूमध्ये बदल करताय, त्याचं लायसन्स जीपीएल आहे (बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर कोडही द्यावा लागतो), तर हे बाहेर कोणाला देणार का. नाही, फक्त आमच्याच मशीनवर चालणार, आणि सिम्युलेटर वेगळी प्रोसेस आहे, सॉकेटने बोलतो, एवढं लिहिल्यावर ते दोन दिवसांत सुटलं. हे दोन्ही फॉर्म पहिल्याच दिवशी भरून टाका, कोड नंतर होतो.

त्या दोन आठवड्यांत मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे एक खोटा सिम्युलेटर. पायथनमध्ये साठेक ओळी, मोटर वगैरे काही नाही, वेळ विचारली की नुसता साइन वेव्हचा आकडा परत. माझ्याच मशीनवर, युनिक्स सॉकेटने (एकाच मशीनमधल्या प्रोग्रॅमना नेटवर्कशिवाय जोडणारं). सगळ्या मोठ्या चुका मी याच्यासमोर केल्या, त्यामुळे लायसन्सवालं मशीन अडकून पडलं नाही आणि सिम्युलेटरच्या टीमसमोर शोभाही झाली नाही.

पहिली चूक, डेडलॉक, म्हणजे दोघंही एकमेकांची वाट बघत अडकणं. मी सिम्युलेटर काय म्हणतोय ते ऐकून मग बोलायचं ठरवलं होतं आणि खोटा सिम्युलेटरही तसाच लिहिलेला. आधी तुम्ही, आधी तुम्ही करत दोघं उभे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रायंट आणि चांडी-मिश्रा या संशोधकांनी हाच प्रश्न सोडवून ठेवलाय : माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसलं तरी "अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही" असा रिकामा निरोप पाठवायचाच. मी प्रत्येक क्वांटमच्या शेवटी दोघांनी बोलायचंच असा नियम केला, आकडा बदललेला असो वा नसो.

दुसरी जास्त त्रासाची. कॉलबॅकमध्ये मी सॉकेट वाचायला थांबले की क्यूएमूचं मोठं लॉक (ते ज्याच्याकडे तोच काम करणार, बाकीचे थांबणार) माझ्याच हातात राहतं. म्हणजे सिम्युलेटर कोणी पॉझ केला तर मॉनिटर बंद, जीडीबी हा डीबगर बंद, बाहेर पडायच्या कीज पण बंद. प्रोसेस मारण्याशिवाय उपाय नाही आणि हँग झालंय की वाट बघतंय तेही कळत नाही. ते थांबणं मी ठेवलं, पण दर ५ सेकंदांनी "४.२३१ सेकंदांवर सिम्युलेटरची वाट बघतोय" अशी ओळ छापायला लावली. ती एक ओळ नसती तर जुलैमध्ये मी वेडी झाले असते.

तिसरी, एका दुपारी क्यूएमू "बॅड आयकाउंट रीड" एवढं छापून बंदच पडायला लागलं. डीबगिंगसाठी मी एका इन्स्ट्रक्शनच्या हेल्परमध्ये (ती चालवताना क्यूएमू बोलावतो त्या फंक्शनमध्ये) व्हर्च्युअल वेळ वाचत होते. आयकाउंटमध्ये एका ब्लॉकच्या, म्हणजे एकदम चालणाऱ्या गटाच्या, इन्स्ट्रक्शनचा हिशोब ब्लॉक सुरू होतानाच वजा झालेला असतो, मधेच कुठेही वेळ विचारली तर बरोबर उत्तरच नसतं, म्हणून ते चुकीचं सांगण्यापेक्षा मरतं. डिव्हाइसचं रजिस्टर वाचताना-लिहिताना मात्र विचारू शकता, कारण क्यूएमू ती इन्स्ट्रक्शन ब्लॉकच्या शेवटी येईल अशी सोय करतो. प्रिंट तिकडे हलवला, झालं.

१ जुलैला पोर्ट उघडला, खरा सिम्युलेटर जोडला, आणि मोटरचा एक सेकंद व्हायला ४३ सेकंद लागले. आधी २.७ लागायचे. मी हात टेकले. दोन दिवस सिम्युलेटरला, क्यूएमूला, आयकाउंटला, सगळ्यांना दोष देऊन झाला. मग प्रत्येक क्वांटमला किती वेळ लागतो ते छापलं, तर ओळीमागून ओळ ४० च्या घरातले आकडे, ४० मिलिसेकंद, जवळजवळ न हलणारे. गणित करून होणारा उशीर इतका एकसारखा नसतो, कोणीतरी टायमर लावून बसलंय. निरोपाचं हेडर मी एका राइटमध्ये पाठवत होते आणि आकडे दुसऱ्या राइटमध्ये. हेडरची पोच येईपर्यंत माझ्या बाजूचा कर्नल दुसरा तुकडा धरून ठेवतो, तो नेगलचा अल्गोरिदम, आणि समोरचा कर्नल पोच द्यायला ४० मिलिसेकंद थांबतो की उत्तराबरोबरच देऊन टाकू. सिम्युलेटरला उत्तर देण्याएवढं काही मिळालेलंच नाही. हजार क्वांटम गुणिले ४०, झाले ४० सेकंद. खोट्या सिम्युलेटरला युनिक्स सॉकेट होतं म्हणून तिथे हे दिसलंच नाही. हेडर आणि आकडे एकाच राइटमध्ये घातले, वर टीसीपी नोडिले (नेगल बंद करणारी सेटिंग) लावलं, आणि एक सेकंद तीनच्या आसपास आला.

मोटर आता बरीच शहाणी झाली होती तरी वेगात बारीक थरथर होती. क्वांटम १ मिलिसेकंद आणि कंट्रोल लूपही १ मिलिसेकंद, त्यामुळे फर्मवेअरने लिहिलेला पीडब्ल्यूएम मोटरला पुढच्या क्वांटमला मिळायचा, म्हणजे लूपमध्ये आख्ख्या एका फेरीचा उशीर. खऱ्या बोर्डवर तो नसणार. क्वांटम १०० मायक्रोसेकंद केला, सिम्युलेटरची स्वतःची पायरीही तेवढीच आहे, त्याच्या खाली जाऊन उपयोग नाही. थरथर गेली. किंमत म्हणजे निरोप दहापट, आणि मोटरच्या एका सेकंदाला आता जवळपास ५ सेकंद. मला परवडलं. तुमचं मॉडेल संथ असेल, टाकीतलं पाणी तापणं वगैरे, तर १० मिलिसेकंदसुद्धा चालून जाईल, उगाच बारीक करू नका.

९ जुलैला फर्मवेअर मधेच रीसेट व्हायला लागलं. तेही सिम्युलेटरवाली कलीग तिच्या बाजूला ब्रेकपॉइंट लावायची तेव्हाच. यात माझीच चूक निघाली, वॉचडॉगचा (फर्मवेअर अडकलं असं वाटलं की रीसेट करणारा) डिव्हाइस मी एप्रिलमध्ये लिहिलेला आणि त्याचा टायमर रिअलटाइम घड्याळावर लावलेला. गेस्टचा काळ थांबलेला, वॉचडॉगचा चालू, ५०० मिलिसेकंद झाले की चावायचा. मग मी सगळा डिव्हाइसचा कोड घड्याळ या एका शब्दासाठी चाळला आणि गेस्टला दिसणारं सगळं व्हर्च्युअलवर आणलं. सॉकेटची वाट बघण्याचा टाइमआउट तेवढा रिअलटाइमवर ठेवायचा, तो उलटा केलात तर कधीच वाजणार नाही. तुमच्या बोर्डात आरटीसी, म्हणजे तारीख-वेळ ठेवणारं घड्याळ, असेल तर आरटीसीचं क्लॉक 'व्हीएम' करा आणि सुरुवातीची तारीख ठरवून द्या, नाहीतर ते गुपचूप होस्टची वेळ वाचत राहतं.

जुलैच्या मध्याला अजून एक. दहाएक मिनिटांच्या रननंतर दोन्ही बाजूंच्या लॉगमध्ये काही पायऱ्यांचा फरक. सिम्युलेटर वेळ सेकंदात, दशांश आकड्यात ठेवायचा आणि प्रत्येक पायरीला ०.०००१ मिळवायचा. हा आकडा बायनरीमध्ये नेमका बसत नाही, बेरीज करत गेलं की कधी किंचित कमी पडतो, मग "अजून पोचलो नाही" समजून एक पायरी जास्त. इतके दिवस हे लपलं कारण आधी फरकच सेकंदांत होता. निरोपात वेळ पूर्णांक नॅनोसेकंदात पाठवायची ठरवली, ६४ बिटांत जवळपास २९२ वर्षं मावतात, पुरे झाली. हे त्यांच्या टीमला पटवायला मीटिंग लागली, बदल त्यांच्या पुढच्या रिलीजमध्ये, म्हणजे दोन आठवडे थांबणं. या थांबण्यात मला कळलं की क्यूएमूच्या ९.१ आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, प्लगइनला वेळेचा ताबा मागता येतो आणि ती नॅनोसेकंदात पुढे सरकवता येते, मूळ कोडला हात न लावता. आमची आवृत्ती त्याआधीची होती. आज सुरू करत असते तर आधी तिकडे पाहिलं असतं.

ऑगस्टमध्ये फक्त एकच परीक्षा : तोच रन दोनदा, लॉगची तुलना. पहिल्यांदा ३ सेकंदांनंतर फरक निघाला. सिरियल पोर्टवर "वेग वाढव" ही कमांड एक स्क्रिप्ट पाठवत होती आणि त्या स्क्रिप्टमध्ये झोप होती, अर्थात खऱ्या घड्याळाची. म्हणजे तीच कमांड गेस्टच्या वेळेत दर वेळी वेगळ्या क्षणी पडायची. ती कमांडही सिम्युलेटरच्या निरोपांत घातली, वेळेसकट. मग १२ ऑगस्टच्या रात्री मोटरचा एक तास चालवला, खरे पाच तास लागले, १३ च्या रात्री पुन्हा तोच. १४ ला सकाळी दोन्ही लॉग तुलनेला लावले आणि काहीच छापलं गेलं नाही, प्रॉम्प्ट परत आला. मी ते अजून एकदा चालवलं, फाइलचं नाव चुकलं असेल म्हणून.

त्याच दुपारी जूनमधलं ते "ट्यूनिंग सुधारलं" वालं कमिट मागे घेतलं. जुन्या गेन्सवर मोटर पहिल्या झटक्यात सरळ गेली. पोर्टची परवानगी २८ सप्टेंबरला संपतेय, या वेळी कालावधीचा रकाना भरून फॉर्म आत्ताच तयार ठेवलाय.